जिथे असतील तिथून

नाशिक,
मंगळवार

प्रिय तृप्ती,

हे 'प्रिय' वाचून तू आधी पत्र उलटून सही बघशील, आणि सही बघितल्यावर काडेपेटी शोधशील. जाळायचं तर खुशाल जाळ, पण शेवटपर्यंत वाचून मग. मी आशा. हिरामणची बायको. तुला त्याने ज्या बाईबद्दल सांगितलं होतं ना, की अंथरुणाला खिळलेली आहे, दोन पावलं चालली की धाप लागते, आज आहे उद्या नाही, ती मीच. आज सकाळी मी कॉलेज रोडपर्यंत चालत जाऊन मिसळ खाऊन आले, वर पापड आणि दही. तब्येत ठणठणीत आहे.

तुझ्यावर माझा राग होता, आणि तो मी नुसता मनात ठेवला नव्हता. हिरामण सायखेड्याला निघाला की मी त्याच्या डब्यातल्या भाजीत दुप्पट मीठ घालायचे, कारण डबा तू उघडणार हे मला ठाऊक होतं. त्याच्या शर्टांची बटणं सैल करून ठेवायचे, म्हणजे ती तुझ्या दारात तुटावीत आणि तुला टाके घालत बसावं लागावं. तू शिवणक्लास चालवतेस हे पुढे कळलं, तेव्हा एवढी मेहनत वाया गेली म्हणून वाईट वाटलं. यातलं काहीही मी पश्चात्ताप म्हणून लिहीत नाहीये. मी शाळेत मराठी शिकवलं, वर्गच्या वर्ग धाकात ठेवले. कुणाच्या नावावर शिक्षा मांडली की ती मी विसरत नाही. मला सूड घ्यायचा होता आणि अजूनही घ्यायचा आहे. फक्त तो आता तुझ्यावर घ्यायचा नाही. असं का झालं ते सांगायचं तर मला जरा दुरून, समुद्रसिंहांपासून सुरुवात करावी लागेल.

निवृत्त झाल्यापासून मी मुंबईच्या एका वाहिनीसाठी प्राण्यांच्या माहितीपटांचं मराठी लिहिते. ते इंग्रजी पाठवतात, मी मराठी करते आणि हिरामण इथल्या एका लहानशा स्टुडिओत ते वाचतो. हत्ती झाले, मुंग्या झाल्या, या वेळी समुद्रसिंह आले. नाव सिंहाचं, पण प्राणी सीलच्या जातीचा. कान एवढेसे, मिश्या मोठ्या, अंग तेल चोपडल्यासारखं. विषुववृत्ताजवळच्या कुठल्याशा बेटांवर, खडकांवर आणि वाळूत, शेकड्यांनी वस्ती करून राहतात. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, तेव्हा सुरुवातीला मला त्यांचं काही विशेष वाटलं नाही. डाळ कुकरला लावायची आणि शिट्या होईपर्यंत एक प्रसंग लिहायचा, असं माझं काम चाललं होतं.

पहिला मसुदा मी चुकीचा लिहिला. एक आडदांड नर किनाऱ्यावर छाती काढून उभा, आजूबाजूला पसरलेल्या माद्या, आणि इंग्रजी निवेदक म्हणतो की हा त्याचा जनानखाना. मीही लिहून टाकलं, 'हा आहे या किनाऱ्याचा राजा, आणि या त्याच्या राण्या.' जेवताना हिरामणला ते वाक्य ऐकवलं तर त्याला इतकं आवडलं की त्याने आणखी एक पोळी घेतली. पण पुढच्या प्रसंगात एक म्हातारी संशोधक बाई येते. तिने सगळं आयुष्य त्या किनाऱ्यावर काढलंय. ती म्हणते, आम्हीही आधी असंच समजत होतो. मग आम्ही एकेका मादीला खूण केली आणि वर्षानुवर्षं बघत बसलो, तेव्हा कळलं की माद्या नराकडे आलेल्याच नसतात. त्या जागेकडे येतात. सावली कुठे आहे, पिल्लांना खेळायला उथळ पाणी कुठे आहे, आपल्या ओळखीच्या माद्या कुठे पडल्या आहेत, हे बघून त्या आपलं ठिकाण ठरवतात आणि दर वर्षी तिथेच येतात. नर बदलत राहतात. मी राजा खोडला, राण्याही खोडल्या आणि सगळं पुन्हा लिहायला घेतलं.

एक दृश्य मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. दोन माद्या सावलीतल्या एका जागेवरून भांडताहेत. तोंडं उघडी, मिश्या ताठ, एकमेकींच्या चेहऱ्यावर ओरडताहेत. एक वयस्कर, मानेवर जुना व्रण असलेली, दुसरी तरुण. आता लचकाच तोडतील असं वाटतं. मग सूर्य कलतो, सावली थोडी मोठी होते आणि दोघी जिथल्या तिथे आडव्या होतात, एकीची मान दुसरीच्या पाठीवर. एवढा मोठा किनारा रिकामा पडलेला असतो, पण त्या खेटूनच झोपतात. मला तुझी आठवण झाली. ती मला मुळीच आवडली नाही, म्हणून मी उठून उगीचच ओटा पुसला.

आणि नर? तो पाण्याच्या कडेने इकडून तिकडे फेऱ्या मारतो आणि दिवसभर भुंकतो. हा किनारा माझा, हा किनारा माझा, एवढंच त्याचं भाषण. पोटभर खायलाही जात नाही, कारण पाठ वळली की दुसरा कोणी येईल. असे काही आठवडे जातात, अंगावरची चरबी झडते, आणि एक दिवस ताजातवाना नर येऊन त्याला हाकलून देतो. माद्या मान वर करून बघतात आणि परत झोपतात. हरलेला नर मग दूरच्या खडबडीत किनाऱ्यावर जाऊन पडतो, जिथे त्याच्यासारखे हाकललेले आणि कुठेच जागा न मिळालेले सगळे नर पडलेले असतात. हे लिहिताना मला एवढं हसू आलं की त्या दिवशी डाळ करपली. शार्क आला तर नर पुढे होऊन त्याला हुसकावतो, असंही त्या माहितीपटात आहे आणि ते मी प्रामाणिकपणे लिहिलं. पण गोदेला पूर आला, सायखेड्यात पाणी शिरलं, तेव्हा तू पोरीला घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर होतीस आणि आपला हा नर इथे नाशिकला पूरग्रस्तांच्या मदतीच्या कार्यक्रमात माईकवर होता. त्या दिवशीचं भाषणही माझंच होतं. चांगलं झालं होतं, लोकांनी डोळे पुसले.

भाषणं माझी असतात हे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. निवेदनसम्राट हिरामण आहेर फ्लेक्सवर फेटा बांधून, माईक धरून उभा असतो, पण त्याच्या तोंडातले शब्द मी शाळेच्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी बसून लिहिलेले असतात. लेक सासरी निघताना वऱ्हाडाला रडवणारं ते भाषण, पुढाऱ्यांना मारलेल्या कोपरखळ्या, चारोळ्या, सगळं. तो आधी कधी वाचत नाही. कागद हातात घ्यायचा आणि थेट माईकवर जायचं, यातच त्याची शान. नावांचं मात्र त्याला खरंच अंग आहे. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, पद, एकही चुकायचं नाही. नाव राहिलं तर माणूस भरल्या ताटावरून उठून जातो, हे तो जाणतो. उशिरा येणाऱ्यांसाठी त्याचं ठरलेलं वाक्य आहे, 'जिथे असतील तिथून त्यांनी व्यासपीठाकडे यावं.' आणि माणूस येतोच, तोंडातला घास गिळत येतो. माझ्या हाकेला न आलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं तो दर दोन दिवसांनी मला ऐकवतो.

आता त्या सात-आठ वर्षांपूर्वीच्या लग्नाचं. सायखेड्यालाच होतं, माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या भाच्याचं. मला त्यांचं वेगळं आमंत्रण होतं आणि मी आलेय हे हिरामणला माईकवर उभा राहिल्यावरच कळलं. मी पंगतीत जिलेबी खात होते. समोरच्या ओळीत एक बाई घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. तू शेजारणीला विचारलंस की ह्या कोण, आणि ती म्हणाली, 'आहेरांची मंडळी हाय, निवेदकांची.' अभ्यास एका विषयाचा करून यावं आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा हातात पडावा, तेव्हा पोरांचे चेहरे होतात तसा तुझा झाला. मला कळलं की ही तीच. तुझी आई तर गावभर सांगत होती म्हणे, 'ती बाई लय आजारी हाय, जास्त दिवस नाय.' मी तुझ्याकडे बघत मुद्दाम आणखी दोन जिलेब्या मागून घेतल्या. तेव्हा मला तुझी दया वगैरे आली नव्हती, हे स्पष्ट सांगते.

जेवणं उरकल्यावर नवरीपुढे नाचलेल्या मुलींना बक्षिसं होती. एकेक स्टीलचा डबा. हिरामण एकेकीला पुकारत होता, हिची ही, अमक्याची लेक, अमक्या गावची, अगदी ऐटीत. चांदोरीची झाली, ओझरची झाली. शेवटी एक मुलगी उरली, चौथीतली असेल, दोन वेण्या, पिवळा परकर. कपाळ त्याचं, नाक त्याचं. आंधळ्यालाही दिसावं असं. हिरामणने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच आवाजात म्हणाला, 'आणि ही एक छोटी पाहुणी.' त्याचा आवाज अडखळलासुद्धा नाही, तृप्ती. पोर स्टेजवर गेली, डबा घेतला, नमस्कार केला आणि उतरली. तू मंडपाच्या खांबाला धरून उभी होतीस. माझ्या पोटी मूल झालं नाही, त्याचं दुःख मी आपल्या परीने पचवलं होतं. पण झालेल्या मुलाला भर मांडवात पाहुणी करणारा माणूस मी रोज जेवायला वाढते, हे मला त्या दिवशी पचलं नाही. त्यानंतर डब्यातली भाजी कधी खारट आली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

म्हणजे तेव्हापासून मी वाट बघत होते. मला घाई नव्हती. भांडून काही झालं नसतं; आवाज त्याचा मोठा, तो गल्लीला पटवून मोकळा झाला असता. त्यातच हे समुद्रसिंह आले आणि त्यांनी मला सुडाचा पहिला घास दिला. माहितीपटात पिल्लांचा एक भाग आहे. पिल्लू जन्मलं की आई त्याच्याशी बोलत राहते आणि ते आईशी. दोघं एकमेकांचा आवाज आणि वास पाठ करून घेतात. मग आई मासे धरायला समुद्रात जाते, कधी कधी दोन-तीन दिवस येत नाही. पिल्लं तोवर उथळ पाण्यात घोळका करून असतात. आई परत आली की काठावर थांबून हाक मारते आणि एवढ्या गर्दीतून तिचंच पिल्लू ओरडत धावत येतं. बाकीची ढिम्म हलत नाहीत. दुसरीचं पिल्लू दूध प्यायला घुसलं तर मादी त्याला चावते, उचलून फेकतेसुद्धा. तरी क्वचित एखादी मादी परक्या पिल्लाला पिऊ देते. ती का देते, हे त्या म्हाताऱ्या बाईलाही नीट सांगता आलेलं नाही.

या भागाखाली मी लिहिलं, 'दिवसभर नर किनाऱ्यावर हक्क सांगत असतो. पण यातलं कुठलं पिल्लू आपलं, हे त्याला माहीत नसतं. पिल्लांनाही त्याचं अडत नाही.' हिरामणने स्टुडिओत कागद हातात घेतला आणि एका दमात वाचून टाकलं. 'अडत नाही'वर थोडा थांबलासुद्धा, परिणाम साधायला. रेकॉर्डिंग करणारा योगेश काचेपलीकडून म्हणाला, 'सर, एकच नंबर.' हिरामणने सगळ्यांना चहा सांगितला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते आणि मला इतका आनंद झाला की मी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपवला. पुढच्या महिन्यात ते टीव्हीवर लागेल तेव्हा जरूर बघ. पण एवढ्याने माझं भागणार नव्हतं.

आता ताजी बातमी, जी तुला अर्धी माहीत आहे. येत्या रविवारी औरंगाबाद नाक्यापलीकडच्या लॉन्सवर हिरामणचा सत्कार आहे. गेल्या महिन्यात आपल्या निकिताने, त्याच छोट्या पाहुणीने, राज्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला, तिच्या भाषणाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला आणि लोक म्हणायला लागले की पोरीचा आवाज कुणासारखा वाटतो बघा. तेव्हा हिरामणला अचानक आठवलं की आपण बाप आहोत. त्याचा स्वतःचा आवाज अलीकडे वर गेला की चिरतो. डॉक्टरांनी कमी बोला म्हटलंय, म्हणजे त्याला जेवू नका म्हटल्यासारखंच. आपल्यामागे आपलं कोणीतरी माईकवर हवं, हे त्याच्या डोक्यात बसलंय. पोहे खाता खाता मला म्हणाला की सत्कारात मी तिला स्टेजवर बोलावणार आणि सगळ्यांसमोर माझी लेक म्हणून सांगणार. तू मोठ्या मनाची आहेस आशा, असंही म्हणाला. मी त्याच्यापुढची पोह्यांची बशी उचलली तेव्हा घाबरला, आणि घाबरला की हा माणूस सटाण्याचा होतो, अहिराणीत शिरतो. 'त्यात काय शे?' म्हणाला. मग त्याने खरं काम काढलं. ते भाषण मी लिहून द्यायचं.

तुला हे ऐकून राग येईल, तरी मी ते लिहिलं. पण त्याआधी तुला आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि तिचा राग तुला जास्त येईल. निकिता अकरावीपासून नाशिकला कॉलेजला येते, आणि शनिवारी तिचा जादा तास असतो म्हणून उशिराच्या बसने घरी पोचते. तो जादा तास माझ्या स्वयंपाकघरात असतो. अकरावीच्या सुरुवातीला ती एकटीच माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'ते जे बोलतात ते तुम्ही लिहिता ना? मला शिकवा.' तुला कोणी सांगितलं विचारलं, तर म्हणे कोणी कशाला सांगायला हवं, आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना दोन वाक्यं धड जुळवता येत नाहीत. मी दार लावून घेणार होते. चावणारच होते म्हण. तेवढ्यात तिने विचारलं, 'आत येऊ का, मावशी?' काकू म्हणाली असती तर ते नातं त्याच्याकडून आलं असतं. मावशी म्हणजे तुझ्याकडून. मी बाजूला झाले.

तेव्हापासून येते. वाक्य कुठे तोडायचं, कुठे गप्प राहायचं, लोक हसत असताना पुढचं बोलायचं नाही, एवढंच मी शिकवलं. बाकीचं तिचं तिच्याकडेच होतं. तू मैत्रिणींसाठी म्हणून देतेस तो ठेचा मी खाते. छान असतो, शेंगदाणे जरा कमी घाल. आणि तिचा आवाज त्याच्यासारखा नाही, हे कोणी म्हटलं तर सांगत जा. तो तुझा आहे. तुझ्या भावाच्या लग्नात तू मंगलाष्टकं म्हटलीस आणि त्यावर हा भाळला, हे मला त्यानेच सांगितलंय, तुझा दोष म्हणून. लोकांनी तुला त्यानंतर कधी माईकवर ऐकलं नाही, म्हणून त्यांना तो आवाज हिरामणचा वाटतो.

सत्काराला नेसायला तू येवल्याहून पैठणी आणलीस, मोरपंखी, हेही मला कळलं. आरशासमोर उभी राहून पदर लावून बघतेस. तुला वाटतं की निकिताला स्टेजवर बोलावलं की पाठोपाठ तुलाही बोलावतील, आणि ज्या गावाने इतकी वर्षं तुला तोंडावर ताई आणि पाठीमागे दुसरंच काही म्हटलं, ते गाव खाली बसून टाळ्या वाजवेल. हे वाटणं चुकीचं आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू. पण मला विचार; मी त्या स्टेजच्या शेजारी आयुष्य काढलंय. वर उकडतं, हाराची फुलं मानेला टोचतात आणि फोटोत हिरामणच मधे असतो. त्या लेखी भाषणात तुझं नाव घालू का असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, एवढ्यात नको, आधी पोरीचं होऊ दे. खोटं वाटलं तर तूच त्याला विचार.

आता हे पत्र का, ते. माझ्या सुडासाठी मला पत्र लिहायची गरज नव्हती, तो मी तुला न सांगताही घेतला असता. हे पत्र निकिताने लिहायला सांगितलंय. हजार माणसांपुढे न डगमगणारी पोर, पण तुझ्यापुढे हे बोलायला तिला धीर होत नाही. गेल्या शनिवारी म्हणाली, 'मावशी, मी नाय जाणार स्टेजवर. मी छोटी पाहुणी ना, मग पाहुण्यासारखी खुर्चीत बसेन. पण आई साडी घेऊन बसलीय, तिला कसं सांगू?' तिला सगळं आठवतंय. तो स्टीलचा डबासुद्धा तिने एकदाही वापरलेला नाही. मग भाषण लिहू की नको, असं मी विचारलं, तर म्हणाली, 'लिहा ना. लय चांगलं लिहा.' म्हणून लिहिलं, आणि मी याहून चांगलं आयुष्यात काही लिहिलेलं नाही. रविवारी तो ते आधी न वाचता वाचेल, पहिल्या पानावर लोक हसतील, दुसऱ्यावर बायका पदर डोळ्यांना लावतील आणि तिसऱ्याच्या शेवटी तो तिचं नाव पुकारेल, स्वतःचं नाव मधे घालून, निकिता हिरामण आहेर, जिथे असेल तिथून तिने व्यासपीठाकडे यावं. चौथं पान मी कोरं ठेवलंय. त्याच्याकडे त्यापुढे बोलायला एक शब्द नसेल, आणि स्वतःचे शब्द त्याच्याकडे कधी नव्हतेच. घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेलं आहे. त्याचे कपडे आणि फेटे मी पेटीत भरून ठेवलेत, सटाण्याला त्याचा भाऊ सहादू एकटाच राहतो, रविवारी दुपारच्या गाडीने ती पेटी तिकडे जाईल. तू पोरीला वर ढकलू नकोस, एवढंच मागते. पैठणी मात्र नेसून ये. मी डावीकडच्या पंख्याजवळ जागा धरीन; खुर्च्या पुष्कळ रिकाम्या असतील, तरी आपण तिघी खेटून बसू. तो एकदा हाक मारील, मग दुसऱ्यांदा मारील, तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरेल, आणि सगळा मांडव मागे वळून बघेल की कोण येत नाहीये. तेव्हा निकिताचा एक हात तू धर, दुसरा मी धरते.

तुझीच (हे लिहायला मलाही वेळ लागला),
आशा